राबावरचं हेलिपॅड

हिरडेवाडीचा जानकू खोटं बोलत नसे. खऱ्याला थोडं खतपाणी घालत असे, एवढंच. एकदा बिबट्या त्याच्या पडवीत आला आणि शेळीला हात न लावता सुपारी मागून गेला, ही गोष्ट त्यानं इतक्यांदा सांगितली होती की वाडीतली माणसं मधेच विचारायची, "कातरलेली दिली का अख्खी?" घाटघरकडून येणारं वारं असं काही जोराचं, की त्याच्या बापाची मिशी एका पावसाळ्यात उजव्या गालावर सरकली ती परत जागेवर आलीच नाही, हेही त्यानं सगळ्यांना पटवलं होतं. त्याची बायको इंद्रायणी हे ऐकत भाकरी थापायची आणि मान वर न करता म्हणायची, "व्हय. अन् त्या मिशीला त्याल मी लावायची."

वाडी जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगर जिथं अंगावर यायला लागतो तिथं. वीस-पंचवीस घरं, उतरत्या कौलांची. भात हेच पीक. आणि भाताचं सगळं बळ राबात. राब म्हणजे रोपं वाढवायचा तुकडा. जानकूचा राब सहा गुंठ्यांचा होता, रस्त्याला लागून, घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यातली रोपं उपटून खाली ओढ्यापर्यंतच्या दीड एकर खाचरांत लागायची. राब नाही तर खाचर नुसतं पाण्याचं डबकं.

त्या वर्षी माघापासून दोघं नवराबायको झाडावर होती. म्हणजे जानकू झाडावर आणि इंद्रायणी खाली. तो कोयत्यानं टहाळ तोडायचा, ती भारा बांधून डोक्यावरून आणायची. वैशाखात राबावर आधी शेण पसरलं, वर वाळला टहाळ, त्यावर पाला, गवत आणि सगळ्यात वर चाळलेली माती, आग धुमसत राहावी म्हणून. वाऱ्याच्या उलट्या अंगानं काडी लावली. दिवसभर धूर ओढ्याकडं लोळत होता. दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं दाताळ्यानं राख सारखी केली, कडा दोरीत ओढल्यासारख्या सरळ केल्या. काम वाकडं झालेलं तिला खपत नसे. राब काळाभोर, सपाट, चौकोनी दिसायला लागला. पाहुण्यानं पाहिलं असतं तर परवाच डांबर टाकलंय म्हणाला असता.

आणि पाहुणा आलाच.

पाठीला पिशवी, डोक्याला उलटी टोपी, हातात पाटीएवढा मोबाईल. त्यानं रस्त्यावरूनच भिरभिरणारं यंत्र आभाळात सोडलं. यंत्र राबावर येऊन थांबलं, तशा इंद्रायणीच्या कोंबड्या पडवीत पळाल्या. यंत्र खाली उतरवून पोरगं बांधावर आलं. जानकू राखेत हात घालून ऊब किती राहिलीय ते बघत होता.

"बाबा, हे काळं काय आहे?"

पोराचा चेहरा इतका गंभीर होता की जानकूच्या जिभेला खाज सुटली.

"हेलिपॅड हाये," तो म्हणाला.

पोरगं हसलं नाही. त्यानं मोबाईलवर बोट फिरवलं. "कुणाचं? शासकीय?"

"मग काय माझ्या बापाचं? मागं दरड कोसळून रस्ता बंद झाला, तवा सरकारी हेलिकाप्टर हितंच उतरलं. तांदूळ घिऊन आलं व्हतं. आमाला तांदूळ, बगा आता."

"वापरात आहे?"

"अडीनडीला."

"रात्री उतरण्याची सोय? दिवे वगैरे?"

"चार कोपऱ्याला चार लावतो आमी. कंदील."

पोरानं तेही लिहून घेतलं. देखभाल कोण करतं, असंही विचारलं. जानकूनं छातीवर हात ठेवला. पोरगं थँक्यू म्हणून, तांब्याभर पाणी पिऊन गेलं. त्या दिवशी संध्याकाळी जेवताना जानकूनं ही हकिकत सांगितली तेव्हा सून रुपालीला हसता हसता ठसका लागला. इंद्रायणी हसली नाही. "लिवून घेतलं म्हंता?" तिनं विचारलं. "व्हय." "मग हसायचं काय त्यात? लिवलेलं कुटं जात न्हाई."

पाऊस वेळेवर लागला. राबात रायभोग भाताचं बी पडलं आणि आठ दिवसांत काळ्यावर हिरवी लव आली. त्याच सुमाराला एका दुपारी चांदभाई आपली जीप दारात लावून खाली उतरला. चांद जुन्नरचा, वाडीवरून बाजारला माणसं नेणारा-आणणारा. त्याच्या जीपला दार एकच होतं, दुसरं जानकूच्या म्हणण्यानुसार आणे पठारावर वाऱ्यानं उडून गेलं होतं.

"जानकूभाऊ, मुबारक हो," चांद म्हणाला. "तुझ्या राबात टेसन येतंय."

"चेष्टा माझी मी करतो राव. तू नको करू."

"अरं, पंचायतीत नकाशा लटकवलाय. जाऊन तर बघ."

पंचायतीच्या भिंतीवर खरंच नकाशा होता, धोतराएवढा. पुण्याच्या भोवतालच्या तालुक्यांना जोडणाऱ्या जलद गाड्यांचं जाळं आणि त्या जाळ्याच्या कडेकडेनं कुठल्या जमिनीचं काय करायचं, याचा आराखडा. सरपंच दादाभाऊ काठीनं दाखवत होते. एक लाल रेघ चाकण, मंचर, नारायणगाव करत जुन्नरला आली होती आणि तिथून पश्चिमेला येऊन एका जांभळ्या चौकोनात थांबली होती.

"हे शेवटचं टेसन. हिरडेवाडी," दादाभाऊ म्हणाले. "जांभळं म्हंजे फलाट अन् गाड्या उभ्या करायची जागा. भवतीनं गुलाबी हाये ती दुकानं, घरं, हाटेलं. हिरवं म्हंजे शेती, तिला हात लावायचा न्हाई."

"पर आमचा राब जांभळा कसा?" इंद्रायणीनं विचारलं.

दादाभाऊंनी चष्मा वर केला, खाली केला आणि चौकोनावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. "अस्तित्वातील हेलिपॅड. शासकीय वापर. पृष्ठभाग पक्का. प्रकाशव्यवस्था उपलब्ध."

पंचायतीत माणसं बरीच होती. आधी एकजण फसकन हसला, मग दुसरा, मग भिंतीला टेकलेले सगळेच. जानकूही सवयीनं हसायला गेला आणि इंद्रायणीकडं बघून थांबला. ती नकाशाकडं बघत होती. हातानं पदराचं टोक पिळत होती, ओलं फडकं पिळावं तसं.

"हरकत घ्यायला तीस दिस हायेत," दादाभाऊ म्हणाले. "समदी मिळून लिवू. गाडी रद्द करा म्हनून."

"रद्द कशाला?" रुपाली मागून म्हणाली. माणसांनी माना वळवल्या. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे. "गाडी येऊ द्या की. राब सोडून येऊ द्या."

घरी येताना तिघं एकामागे एक चालली. रुपालीचा नवरा ऋतिक चाकणला कंपनीत होता, पंधरा दिवसांतून एकदा यायचा, यायला अर्धा दिवस आणि जायला अर्धा. रुपाली स्वतः कामाच्या दिवसांत पहाटे चारला उठून भाकरी बांधायची, चांदच्या जीपमध्ये मागं उभी राहून नारायणगावच्या मजूर बाजाराला जायची. तिथं रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, बागाईतदार येऊन अंगकाठी बघून कांद्याला, द्राक्षाला न्यायचे. परत यायला दिवेलागण उलटायची. तिचं तान्हं पोर आजीच्या मांडीवरच रांगायला शिकलं होतं.

"आत्याबाई, तुमाला राग आला का?" तिनं विचारलं.

"तुजा न्हाई," इंद्रायणी म्हणाली. पुढं चालणाऱ्या जानकूच्या पाठीला ते बरोबर लागलं.

त्या रात्रीपासून इंद्रायणीनं भांडण केलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारीनाशी झाली. पूर्वी जेवताना ती म्हणायची, "मग आज काय झालं?" आणि जानकू सुरू व्हायचा. आता ती ताट सरकवायची आणि पोराला घेऊन उठायची.

सुनावणी मंचरला होती, एका मंगल कार्यालयात. दिवस आषाढाचा. पहाटे निघायच्या आधी इंद्रायणी राबात उतरली, रोपांची एक मूठ मुळासकट उपटली, मुळांना ओल्या मातीचा लगदा थापून पळसाच्या पानात बांधली. राख मिसळलेली काळी माती पानातून ठिपकत होती. चांदनं जीपमध्ये पुढची जागा दिली. "भाभी, ही पाहुणी कोण?" "साक्षीदार," इंद्रायणी म्हणाली.

मंगल कार्यालयाच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. "हा पाला आत न्यायचा नाही. चपला बाहेर. ते प्लास्टिकचे कागद पण बाहेर, पाणी गळतंय."

चपला काढल्या, अंगावरचे कागद काढले. इंद्रायणीनं मूठ पदराखाली घेतली आणि लेकरू झाकावं तशी झाकून आत गेली. नंबर एकशे बारा. जानकू, रुपाली आणि ती भिंतीशी बसली. वर पंखे, पुढं लग्नातल्या खुर्च्या, व्यासपीठावर नवरानवरीच्या जागी तीन साहेब आणि एक मॅडम. दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा नंबर साठावर होता. रोपांची पाती मिटायला लागली. रुपालीनं पिण्याच्या पाण्याच्या जारखाली ओंजळ धरून मुळं ओली केली, तर एक शिपाई म्हणाला, "इथं भाजी धुवायची नाही." तिनं ओंजळ तशीच धरून उरलेलं पाणी मुळांवर सोडलं.

साडेचारला नंबर पुकारला. अध्यक्षसाहेब केस पिकलेले, थकलेले. त्यांनी कागद वाचला. "हेलिपॅडबद्दल हरकत. तुमचं म्हणणं काय?"

"ते हेलिपॅड न्हाई साहेब. राब हाये. भाताचा."

"उपग्रहाच्या चित्रात काळा पक्का पृष्ठभाग दिसतो. शिवाय जागेवर चौकशी केलेली आहे. स्थानिक रहिवाशानं माहिती दिलेली आहे." साहेबांनी पान उलटलं. "नाव, जानकू. देखभालही हेच पाहतात."

"जानकू मीच."

"मग?"

जानकूनं मागं पाहिलं. मंचर, जुन्नर, खेड, सगळीकडची दीडदोनशे माणसं. आयुष्यभर तो माणसं जमवून बोलत आला होता, एवढी कधी जमली नव्हती.

"साहेब, मी थाप मारली."

"कशासाठी?"

जानकूनं खरंच विचार केला. "ते पोरगं लई गंभीर व्हतं साहेब. मला ऱ्हावलं न्हाई."

मागं खसखस पिकली. नेहमी त्याच्या बोलण्यावर पिकायची, तीच. पण आज ती पाठीवर पडत होती.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात," अध्यक्षसाहेब शांतपणे म्हणाले. "मग आत्ता खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?"

जानकू टोपी हातात घेऊन उभा राहिला. तेवढ्यात इंद्रायणी पुढं झाली आणि पदराखालची मूठ तिनं टेबलावर, कागदांच्या वर ठेवली. काळं पाणी नकाशावर ओघळलं.

"त्यांचं सोडा," ती म्हणाली. "हिला इचारा. ही डांबरात उगवती का?"

शिपाई फडकं घेऊन धावला. व्यासपीठावरच्या मॅडमनी, वृषाली नाव होतं त्यांचं, आराखडा करणाऱ्या चमूतल्या, मूठ उचलून बाजूला घेतली. मुळं बोटांनी चाचपली, बोटाला लागलेली राख बघितली.

"आमाला गाडी पायजे मॅडम," रुपाली म्हणाली. "रद्द करू नका. वड्याच्या पल्याड मुरमाड माळ हाये, गावाचा. थितं न्या."

"तो माळ आमच्याकडं हिरवा आहे. सुपीक शेती."

"पावसाळ्यात फोटो काढला असंल. गवत हाये ते. दसऱ्यानंतर या, निस्तं टक्कल. थितं गुरंबी थांबत न्हाईत."

वृषालीबाईंनी पहिल्यांदा पेन उघडलं. काळ्याला पक्कं आणि हिरव्याला सुपीक, एवढ्यावरच सगळा भाग रंगवला गेला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या बाजूच्या साहेबांच्या कानात बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, "चौदा तारखेला मी स्वतः येऊन बघते. पण रोप उभं दिसलं पाहिजे. उपटून नेलेलं असलं तर मला नुसता चिखल दिसेल. चिखलावर काय लिहिणार मी?"

चौदा तारखेला त्या आल्या नाहीत. पूल पाण्याखाली होता. अठराला त्यांची पुण्यात बैठक निघाली. निरोप चांदच्या फोनवर यायचा आणि चांद तो दारात उभं राहून, मान खाली घालून सांगायचा, जसं काही त्यानंच पूल बुडवला होता.

इकडं वाडीत आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली होती. पडकईची पद्धत, आज सगळी वाडी एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. जानकू आणि इंद्रायणी रोज कुणाच्या ना कुणाच्या चिखलात वाकलेली. कंबर मोडायची, बोटांच्या बेचक्या पाण्यानं पांढऱ्या पडून सोलायच्या, डोक्यावरच्या कागदावर पाऊस तडतडायचा. दरवर्षी या कामाला जानकूची गोष्ट लागायची. त्याची गोष्ट सुरू झाली की बायांचे हात आपोआप पुढं सरकायचे आणि गोष्ट संपायला खाचर संपायचं. यंदा तो गप्प होता.

"जानकूभाऊ, इमान कवा उतरतंय?" कुणीतरी म्हणायचं.

तो मूठ सोडायचा, काड्या रोवायचा, मागं सरकायचा.

तिसऱ्या दिवशी दादाभाऊच म्हणाले, "आरं बोल की कायतरी. बाया पेंगाय लागल्या. काल अर्धं खाचर ऱ्हायलं."

"त्वांड शिवलंय सरपंच," जानकू म्हणाला. "टाका घालणारी घरात हाये."

सगळ्यांची आवणी झाली. वाडीभर हिरव्या रांगा उभ्या राहिल्या. जानकूची तेवढी खाचरं नांगरून, चिखल करून तशीच पडलेली, त्यांत आभाळ दिसायचं. राबात रोपं गुडघ्याला आली, दाटीनं एकमेकांवर रेलली, शेंडे पिवळे पडले. इंद्रायणी रोज सकाळी वाकून एका रोपाचं बूड दोन बोटांत दाबून बघायची. एका सकाळी ती बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"पेर धरलं," ती म्हणाली.

पेर धरलेलं रोप म्हातारं. ते लावलं तरी फुटवे कमी, लोंब्या कमी. जानकू बांधावर बसला. पाऊस त्याच्या टोपीतून कानात जात होता.

"उपटू आगं," तो म्हणाला. "लावून टाकू. ऱ्हाऊ दे ती मॅडम. माझ्या तोंडापाई समद्याचं वाटुळं नको."

इंद्रायणीनं हात धुतले. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडं तोंड करून बोलली.

"आज उपटलं तर यंदाचं भात वाचंल. राब गेला तर दर सालचं जाईल. थांबायचं."

"अन् ती आलीच न्हाई तर?"

"तर यंदाचंबी जाईल," ती म्हणाली आणि घरात चहा टाकायला गेली.

वृषालीबाई चोवीस तारखेला आल्या, न कळवता. सरकारी गाडी खिंडीतच रुतली होती. चांदनं त्यांना रस्त्यावरून उचलून आणलं. धुकं असं की पाच हातांवरचा माणूस आवाजावरून ओळखावा. चांद भोंगा वाजवतच वाडीत शिरला. जानकूकडची पडकई सगळ्यांवर बाकी होती, निरोप द्यायची गरज पडली नाही. भोंगा ऐकून घराघरातून माणसं निघाली, कागद पांघरून, हातात दोऱ्या.

मॅडमनी राब बघितला. चारी बाजूंनी फिरून फोटो काढले. मग इंद्रायणीनं पहिली मूठ उपटली आणि पाठोपाठ पंधरा बाया राबात बसल्या. मुळं आपटून माती झाडल्याचा थप्‌ थप्‌ आवाज धुक्यात सगळीकडून येऊ लागला. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. हे नर्सरीचं क्षेत्र आहे, लिहिते मी." सगळ्यांना वाटलं, झालं.

पण मॅडम कामाच्या चोख. त्यांनी मोबाईल काढला. "फलाटाचा मध्यबिंदू नेमका कुठं येतो, तिथून एक फोटो लागेल." मोबाईलकडं बघत त्या राबाच्या बांधावरून चालत निघाल्या आणि खालच्या खाचराच्या बांधावर आल्या. "इथून चार मीटर."

"मॅडम, थितं नका..." रुपाली म्हणाली.

एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला मॅडम गुडघ्यापर्यंत आत. तीन वेळा नांगरलेलं, महिनाभर पाणी पिऊन बसलेलं खाचर ते. एक पाय काढायला गेल्या तर दुसरा मांडीपर्यंत गेला. मोबाईल तेवढा डोक्याच्या वर धरलेला. कुणी हसेना, कुणी हलेना. सरकारी माणूस आपल्या वाडीत रुतलाय, आता यातून काय निघतं, या काळजीनं सगळी गप्प.

जानकू बांधावर आला. त्यानं टोपी मागं सारली. तोंड उघडलं, मिटलं, एकदा इंद्रायणीकडं बघितलं. मग त्याला राहवलं नाही.

"मॅडम, हलू नका," तो म्हणाला. "ते तांदळाचं हेलिकाप्टर उतरलं व्हतं ना, ते हितंच खाली हाये. पायाला पंखा लागला तर सांगा."

मग मॅडमच्या खांद्यांपासून सुरू झालं. आधी वाटलं रडतात. पण त्या हसत होत्या, एवढ्या की आणखी चार बोटं खाली गेल्या. आणि त्यांच्यामागून इंद्रायणी हसली. तोंडाला पदर न लावता, मूठ हातात धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. जानकू तिच्याकडं बघतच राहिला. महिन्याभराची उपासमार झालेला माणूस ताटाकडं बघतो तसा.

रुपालीनं आणि इंद्रायणीनं दोन्ही काखांत हात घालून मॅडमना ओढलं. मॅडम निघाल्या, उजवा बूट राहिला. चौघांनी कोपरापर्यंत हात घालून शोधला. खाचरानं तो दिला नाही. इंद्रायणीनं बांधावरच्या आपल्या चपला पाण्यात धुऊन पुढं ठेवल्या.

"अहो, तुम्ही काय घालाल?"

"मी आता चार वाजंपातूर चिखलातच हाये."

जाताना मॅडमनी कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं. प्रत्यक्ष पाहणीत पृष्ठभाग पक्का आढळला नाही. जानकू म्हणाला, "बुटाचंबी लिवा." त्यांनी लिहिलं नाही.

त्या दिवशी दीड एकर एका बैठकीत लागला. म्हातारं रोप म्हणून इंद्रायणीनं चार काड्यांच्या जागी सहा लावायला सांगितल्या, जवळ जवळ. आणि जानकू बोलत होता. बिबट्या, मिशी, शिवाय मंचरच्या मंगल कार्यालयात साहेबांनी आपल्याला नवरदेवाच्या खुर्चीत कसं बसवलं ते. रांगा पळत होत्या.

भात कमी झालं, दरवर्षीच्या पाऊणपट. इंद्रायणीनं कणगीत हात घालून बघितलं आणि नुसतं "हूं" म्हणाली. कापणीत बूट निघाला. जानकूनं तो धुऊन राबाच्या कुंपणाच्या खांबावर उलटा घातला.

माघात पुन्हा टहाळ तोडायला जानकू झाडावर चढला, तेव्हा खाली चांदची जीप थांबली. चांदच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला होत्या आणि एक नळी. "मॅडमनी पाठवलंय. भाभीच्या चपला. अन् नवा नकाशा, पक्का झालेला."

इंद्रायणीनं चपला उलट्या करून बघितल्या. तुटलेला अंगठा शिवून आणला होता. जानकू खाली आला. रुपालीनं जीपच्या पुढच्या भागावर नकाशा पसरला. राब हिरवा होता. खाचरं हिरवी होती. लाल रेघ ओढा ओलांडून मुरमाड माळावर जाऊन थांबली होती, जांभळा चौकोन तिथं, गुलाबी त्याच्या पलीकडं. रुपालीनं त्या चौकोनावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नारायणगाव पाऊण तास म्हंत्यात, मामा."

"अन् हे काय?" चांदनं चौकोनाच्या शेजारी एक गोल दाखवला.

रुपालीनं बारीक अक्षरं वाचली. "हेलिपॅड. हिरडेवाडी मूळ जागेवरून स्थलांतरित. प्रकाशव्यवस्थेसह."

वरून एक वाळकं पान नकाशावर पडलं.

"म्हंजे?" जानकूनं विचारलं.

"म्हंजे काढता येत न्हाई वाटतं," इंद्रायणी म्हणाली. "सरकवता येतं."

वैशाखात राब भाजला. त्याच आठवड्यात दोन माणसं आली आणि माळावर गोल आखून चार बाजूंना चार दगड पुरून, वर पांढरा रंग मारून गेली. जानकू रोज संध्याकाळी गुरं आणायच्या निमित्तानं तिकडं जायचा, दगडांकडं बघायचा, परत यायचा. इंद्रायणी विचारायची, "उतरलं का?" आणि ताट वाढायची.

एका सकाळी नाणेघाटाकडं निघालेली मोटारसायकलवरची दोन पोरं पाणी मागायला थांबली. शहरातली, चष्मे लावलेली. त्यांतल्या एकानं ओढ्यापलीकडं बोट केलं.

"काका, ते पांढरे दगड कशाचे?"

जानकूच्या जिभेवर तीन गोष्टी एकदम आल्या. त्यानं राबाच्या बांधावर दाताळं घेऊन उभ्या असलेल्या इंद्रायणीकडं पाहिलं. खांबावर बूट होता.

"हेलिपॅड हाये," तो म्हणाला. "सरकारी. नकाशात हाये."

पोरं एकमेकांकडं बघून हसली. "काका, आम्हीच भेटलो का तुम्हाला?" गाडीला किक मारून ती गेली.

जानकू रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, रिकामा तांब्या हातात घेऊन. वाटसरूला पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं आणि ते कुणी घेतलं नव्हतं.

"आगं, ऐकलंस का? खरं सांगितलं तर हसली."

इंद्रायणी राखेच्या कडा सरळ करत होती. "कंदील तेवढे पुसून ठिवा," ती म्हणाली. "चारच सांगितलं व्हतं ना?"